उशाशी बसलेला माणूस

अंबरनाथच्या शिवमंदिराची पद्धतशीर पाहणी झाली ती १८६८ साली. मुंबई सरकारने जे. जे. कलाशाळेच्या टेरीसाहेबांच्या हाताखाली एक पथक धाडलं. मापं घेतली गेली, शिल्पांचे साचे काढले गेले. दारावरच्या तुळईवर एक शिलालेख होता, तो वाचला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. त्यांना त्यात शक ७८२ दिसलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो आकडा ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा सुधारला आणि मंदिर शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात जाऊन बसलं. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांना भाऊ दाजींची ही दोनशे वर्षांची चूक चांगली ठाऊक असते. ते पेशाने डॉक्टर होते आणि कोणत्या वर्षांत डॉक्टर झाले, इकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. भाऊ दाजी पहिल्याच तुकडीत होते आणि १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत त्यांचं नाव आहे. या सहा वर्षांच्या आत शस्त्रक्रिया हा प्रकारच मुळापासून बदलला. त्यांनी कॉलेजात पाऊल ठेवलं तेव्हा जगात कुठेही पाय कापायचा तर चौघांनी रोग्याला धरून ठेवायचं आणि सर्जनने मिनिटांच्या आत करवत चालवायची, हाच रिवाज होता. उत्तम सर्जन म्हणजे झटपट सर्जन. बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा डॉक्टर याच सुमारास रोग्यांना मोहनिद्रेत घालून मोठमोठ्या गाठी काढत होता आणि त्याच्यासाठी कलकत्त्यात वेगळं रुग्णालयही निघालं होतं. दुसरा काही उपायच नसल्यामुळे ते लोकांना पटत होतं.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये मॉर्टन या दंतवैद्याने इथर हुंगवून एका रोग्याला भूल दिली. ही बातमी आगबोटीने इंग्लंडला आणि तिथून हिंदुस्थानात आली. २२ मार्च १८४७ रोजी कलकत्त्यात इथरचा पहिला प्रयोग झाला, म्हणजे बोस्टननंतर अवघ्या पाच महिन्यांनी. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म पुढे आणलं आणि १२ जानेवारी १८४८ रोजी तेही कलकत्त्यात वापरून झालं. तारेचं जाळं नव्हतं, सुएझचा कालवा नव्हता. तरीही एखादं औषध इतक्या लवकर इथे पोचावं, यावरून त्याची गरज किती मोठी होती ते कळतं.

हिंदुस्थानात इथर मागे पडलं आणि क्लोरोफॉर्म टिकलं. त्याचं एक कारण साधं होतं: उन्हाळा. इथर ३५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. बदलापूरचा मे महिना ज्याने अनुभवला आहे, जिथे पारा ४० च्या पुढे जातो, त्याला इथरच्या बाटलीचं काय होणार हे सांगायला नको. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतं, थोडं पुरतं, वास गोडसर असतो आणि ते पेट घेत नाही. तारेच्या जाळीवर कापड ताणायचं, ती जाळी नाकातोंडावर धरायची आणि वरून थेंब थेंब टाकत राहायचं. एवढ्या सरंजामात तालुक्याच्या दवाखान्यातही काम होई.

पण थेंब किती टाकायचे? इथेच सगळं अडलं. जानेवारी १८४८ मध्ये, क्लोरोफॉर्म येऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना दगावली. क्लोरोफॉर्मचा तो पहिला नोंदलेला बळी. दिलेलं औषध चमच्याभराच्या आसपास होतं. मुलगी धडधाकट होती, पण घाबरलेली होती. असे मृत्यू पुढे होतच राहिले आणि त्यांचं कोडं पन्नास-साठ वर्षं सुटलं नाही. मरणारे बरेचदा तरुण, निरोगी आणि अगदी किरकोळ ऑपरेशनसाठी आलेले असत. आणि ते मरत भूल पुरती चढण्याआधी.

हे कोडं सोडवण्याचा सर्वांत खर्चिक प्रयत्न झाला हैदराबादेत. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ही गोष्ट आपल्यालाही अगदीच परकी नाही. एडवर्ड लॉरी हा तिथला रेसिडेन्सी सर्जन. एडिंबरोत शिकलेला, क्लोरोफॉर्मवर गाढ श्रद्धा असलेला आणि स्वतःच्या मताबद्दल तिळमात्र शंका नसलेला. त्याचं म्हणणं असं, की क्लोरोफॉर्मने हृदय थेट कधीच बंद पडत नाही. आधी श्वास थांबतो, मग हृदय. म्हणून भूल देणाऱ्याने नाडी बघत बसू नये, श्वासावर डोळा ठेवावा. १८८८ मध्ये त्याने कुत्र्यांवर प्रयोग करून पहिला अहवाल दिला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने त्याची टर उडवली. तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांनी हजार पौंड देऊ केले आणि सांगितलं, तुमचा माणूस पाठवा, प्रयोग त्याच्या डोळ्यांसमोर होतील. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हा नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादला आला. चारशेहून अधिक जनावरांवर, त्यांत कुत्री आणि माकडं, प्रयोग झाले आणि ब्रंटनसुद्धा लॉरीच्या बाजूला आला: श्वास आधी थांबतो.

या सगळ्या खटाटोपात एक पारशी तरुणी होती, रूपाबाई फर्दूनजी. १८८५ साली हैदराबादच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झालेल्या पहिल्या काही मुलींपैकी ती एक. क्लोरोफॉर्म देण्याचं काम तिने तिथेच हातात घेतलं आणि पुढे पंचवीसेक वर्षं हैदराबादच्या रुग्णालयांत ती तेच करत राहिली. १९०९ मध्ये ती पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकायला एडिंबरोला गेली. आपण हुंगवतो ते द्रव्य मुळात काय आहे हे नीट समजावं म्हणून. जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिची गणना होते. मला या प्रकरणात लॉरीपेक्षा रूपाबाई महत्त्वाच्या वाटतात. लॉरीला वाद जिंकायचा होता. या बाईंना रोज सकाळी कुणाच्या तरी उशाशी बसायचं होतं.

आणि वाद लॉरी हरलाच. १९११ मध्ये लेव्ही या इंग्रज संशोधकाने मांजरांवर दाखवून दिलं, की क्लोरोफॉर्मची भूल उथळ असताना शरीरात अॅड्रेनलिन उसळलं तर हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त ढकलत नाही, आणि क्षणात सगळं संपतं. घाबरलेल्या माणसाच्या अंगात अॅड्रेनलिनच तर उसळलेलं असतं. हॅना ग्रीनरच्या आणि तिच्यासारख्या शेकडो मृत्यूंचा पटण्याजोगा खुलासा त्यातून मिळाला. हैदराबादची जनावरं मेली ती औषध जास्त होऊन. म्हणून त्यांचा श्वास आधी गेला. माणसं मरत होती ती औषध कमी असताना आणि भीती जास्त असताना. लॉरीचे प्रयोग खोटे नव्हते, त्याने प्रश्नच वेगळा विचारला होता. भूल देण्याच्या आधी माणूस शांत करणं ही चैन नसून त्याच्या जिवाचा प्रश्न आहे, हे यातून पुढे आलं. ऑपरेशनच्या तासभर आधी मॉर्फीन आणि अॅट्रोपीन टोचण्याच्या पद्धतीला त्यातून आधार मिळाला. आज ऑपरेशनआधी सलाईनमधून जे गुंगीचं औषध देतात, त्याची वंशावळ इथून निघते.

आता पुण्याची एक रात्र.

१२ जानेवारी १९२४. कलकत्त्यात क्लोरोफॉर्म पहिल्यांदा वापरलं गेलं त्याला त्या दिवशी बरोबर ७६ वर्षं झाली होती. हा निव्वळ योगायोग. येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगणारे गांधीजी पोटदुखीने बेजार होते. आंत्रपुच्छाचा दाह होता. त्यांना ससून रुग्णालयात हलवलं गेलं. सिव्हिल सर्जन कर्नल मॅडॉक यांनी मुंबईहून गांधीजींच्या ओळखीच्या डॉक्टरांना बोलावण्याची तयारी दाखवली, डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांची नावं निघाली. पण मुंबईची माणसं पोचेपर्यंत थांबणं धोक्याचं होतं. सरकारचा जीव टांगणीला लागला होता. ब्रिटिश सर्जनच्या टेबलावर गांधी दगावले, ही बातमी देशभर कशी पेटेल याचा अंदाज सगळ्यांनाच होता.

म्हणून साक्षीदार हवे होते. भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री आणि पुण्याचे डॉ. फाटक यांना बोलावून घेतलं गेलं. एक निवेदन तयार झालं: ऑपरेशनला आपली संमती आहे, डॉक्टरांवर आपला विश्वास आहे, काहीही झालं तरी लोकांनी सरकारविरुद्ध आंदोलन करू नये. गांधीजींनी ते ऐकलं, शब्द नीट करून घेतले, गुडघे वर घेऊन त्यावर कागद ठेवला आणि पेन्सिलीने सही केली. हात थरथरत होता, आणि त्यावरून ते स्वतःच मॅडॉकशी विनोद करत होते. आज ऑपरेशनपूर्वी आपण घाईघाईत, न वाचता, जिथे फुली असेल तिथे सही करतो. तो प्रकार एवढ्या गांभीर्याने झालेला प्रसंग आपल्याकडे दुसरा मला आठवत नाही. ‘हिंद स्वराज’मध्ये गांधीजींनी डॉक्टरी पेशावर आणि इस्पितळांवर केलेली टीका १९०९ सालची. पंधरा वर्षांनी तोच माणूस इस्पितळाच्या टेबलावर होता आणि पुढे त्याने यातली विसंगती लपवलीही नाही.

भूल दिली डॉ. दाते यांनी. औषध क्लोरोफॉर्म. रात्रीची वेळ, पोट उघडलेलं, आत पू झालेला. आणि मध्येच वीज गेली. परिचारिकेच्या हातातला टॉर्चही बंद पडला. शेवटी कंदील आणला गेला आणि त्याच्या उजेडात मॅडॉक यांनी ऑपरेशन पुरं केलं.

ही हकीकत सांगताना नेहमी मॅडॉक यांचं कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. पण त्या खोलीत डोक्याच्या बाजूला काय चाललं असेल याचा विचार करून बघा. क्लोरोफॉर्म देणाऱ्याकडे तेव्हा यंत्र असं काही नसे. रोग्याच्या ओठांचा रंग, डोळ्यातली बाहुली, छातीची हालचाल, श्वासाचा आवाज आणि जबड्याखाली किंवा कानापुढे लागणारी नाडी, एवढीच त्याची साधनं. उजेड गेला तर रंग गेला, बाहुली गेली. उरले कान आणि बोटं. मॅडॉक यांना थांबता येत होतं. ते हात आवरून कंदिलाची वाट पाहू शकत होते. दात्यांना थांबता येत नव्हतं. थेंब थांबवले तर भूल उतरणार, चालू ठेवले तर ती किती खोल गेली ते दिसणार नाही.

कंदिलाचंही एक वेगळंच आहे. त्या रात्री जाळीवर इथर असतं तर खोलीत उघडी ज्योत आणणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण होतं. इथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ज्योतीनेही भडकते. क्लोरोफॉर्म पेटत नाही, म्हणून कंदील चालून गेला. तरी तोही निर्धोक नव्हता. क्लोरोफॉर्मची वाफ उघड्या ज्योतीत गेली की तिचं फॉस्जीन होतं, पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला तोच विषारी वायू. गॅसच्या दिव्यांच्या काळात बंद खोलीत लांबलेल्या ऑपरेशनांत सर्जन आणि परिचारिका खोकून बेजार होत, ते याच्यामुळे. कंदिलाखालचं ते काम लवकर आटोपलं हे सगळ्यांच्याच पथ्यावर पडलं.

गांधीजी वाचले. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना बिनशर्त सोडलं. मॅडॉक यांचं नाव चरित्रांत, वर्तमानपत्रांत, सगळीकडे गेलं. दात्यांचं एखाद्या ओळीत.

ज्या वर्षांत पुण्यात हे घडलं, त्याच वर्षांत मुंबई-पुणे लोहमार्गावरचं अंबरनाथ खेडं कारखान्यांचं गाव होत होतं. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने तिथे गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट करायला घेतलं. १९२३ मध्ये विम्को कंपनी स्थापन झाली आणि तिचा आगपेट्यांचा कारखाना आला. विम्को नाका हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. दारूचा अर्क आणि गंधकाम्ल एकत्र तापवलं की इथर निघतं. जुन्या पुस्तकांत त्याला सल्फ्युरिक इथरच म्हणत. म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत ज्यांची गाठ पडू नये म्हणून डॉक्टर जिवाचं रान करत, त्यांतल्या एकाचा कच्चा माल आणि दुसऱ्याची काडी एकाच गावात, एकाच स्टेशनच्या आसपास तयार होत होती.

दुसरं महायुद्ध आलं आणि कल्याणच्या पलीकडच्या माळावर लष्करी छावणी बसली. कल्याण कॅम्प. सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसं राहतील एवढी मोठी, दोन हजारांवर बराकींची. इकडे भूलशास्त्रातही युद्धाने उलथापालथ केली. थायोपेंटोन, म्हणजे लोकांच्या तोंडचं पेंटोथॉल, १९३४ पासून वापरात होतं. शिरेत सुई गेली की आकडे मोजता मोजता माणूस झोपतो. जाळी नको, गुदमरणं नको, वास नको. घाबरलेल्या रोग्यासाठी यापेक्षा चांगलं काय असणार? डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला, जखमींना हे औषध दिलं गेलं आणि जपानी बॉम्बपेक्षा जास्त माणसं पेंटोथॉलने मारली, अशी वदंता पसरली. कागदपत्रं तपासल्यावर पुढे ती फार फुगवलेली निघाली. पण तिच्यात एक खरं बीज होतं. रक्त वाहून गेलेल्या माणसाला धडधाकट माणसाचा डोस दिला तर त्याचा रक्तदाब कोसळतो. शिवाय पेंटोथॉलची झोप उतरते ती औषध शरीराबाहेर गेल्यामुळे नव्हे. ते मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत जाऊन बसतं. पुन्हा पुन्हा दिलं की तिथली जागा भरते आणि मग माणूस तासन् तास उठत नाही.

मराठी घरांत पेंटोथॉल हे नाव गाजलं ते मात्र ऑपरेशनमुळे नाही. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीच्या नार्को चाचणीची दृश्यं दूरदर्शन वाहिन्यांवर लागली तेव्हा सगळ्यांनी ते शिकून घेतलं. गुंगीतला माणूस खरंच बोलतो, हा समज काही शास्त्राला धरून नाही; तो सैलपणे बोलतो, एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये संमतीशिवाय अशी चाचणी करायला मनाई केली. ससूनमधल्या त्या पेन्सिलीच्या सहीशी मला याचं नातं दिसतं, पण ते असो.

१९४७. कल्याण कॅम्पच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली. सुमारे ९४ हजार माणसं, पाच कॅम्प. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. तरी ‘कॅम्प तीनला उतरतो’ असंच लोक रिक्षावाल्याला अजून सांगतात आणि सरकारी सेंट्रल हॉस्पिटल कुठे, तर कॅम्प तीनमध्ये. योगायोग असा की भारतातल्या भूलतज्ज्ञांची संघटनाही १९४७ सालचीच. तोवर भूल देणं हे काम बहुतेक ठिकाणी हाताशी असेल त्याचं असे: कनिष्ठ डॉक्टर, कंपाउंडर, कधी विद्यार्थी. ते स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्यासाठी वेगळा माणूस लागतो, हे रुजायला पुढची वीस-तीस वर्षं गेली.

यानंतरची कथा प्रयोगशाळांतून येते. लिओ स्टर्नबाख या रोश कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञाने बनवलेलं आधी लिब्रियम आणि मग १९६३ मध्ये व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम, बाजारात आलं. भीतीवर थेट चालणारं औषध माणसाच्या हाती आलं. पण डायझेपाम पाण्यात विरघळत नाही. त्याच्या इंजेक्शनने शीर जळजळते, सुजते; आणि त्याचा अंमल दिवसभर रेंगाळतो. १९७५ च्या सुमारास रोशच्याच अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत वॉल्सर आणि फ्रायर यांनी मिडाझोलाम बनवलं. त्याची करामत अशी की कुपीतल्या आम्लधर्मी पाण्यात त्याच्या रेणूचं एक कडं उघडं राहतं, त्यामुळे ते विरघळतं. रक्तात शिरताच कडं मिटतं आणि ते चरबीत विरघळण्याजोगं होऊन झटकन मेंदूत जातं. दोन-तीन मिनिटांत भीती निवते. आणि आठवण पुसली जाते. दुर्बिणीतून तपासणी चालू असताना पेशंट डॉक्टरांशी बोलतो, सांगितलं तर कुशीवर वळतो आणि तासाभराने बाहेर आल्यावर विचारतो, ‘कधी करणार आहात?’ बाहेर बसलेले नातेवाईक हसतात, क्वचित काळजीतही पडतात. घाबरायचं कारण नसतं. औषध दिल्यानंतरच्या आठवणी साठल्याच नाहीत, आधीच्या जागच्या जागी असतात.

इतकं गुणी औषध. अमेरिकेत १९८५ च्या डिसेंबरात त्याला परवानगी मिळाली आणि दोन-तीन वर्षांतच ८० हून अधिक मृत्यूंशी त्याचं नाव जोडलं गेलं. हे मृत्यू कुठे झाले, ते फार बोलकं आहे. बहुतेक ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचे. दुर्बिणीच्या तपासण्या, छोटे उपचार. तिथे सर्जनच गुंगी देई आणि सर्जनच नळी घाली. पेशंटचा श्वास मंदावला हे बघायला तिसरं कुणी नसे. त्यातून डायझेपामच्या सवयीने डोस ठरवलेले, सोबत पेथिडीनसारखं दुखण्यावरचं औषध, आणि वय झालेले रोगी. मग डोस खाली आणले गेले, कुपीतलं औषध पातळ केलं गेलं, ठळक चौकटीतला इशारा छापला गेला. मिडाझोलामचा अंमल उलटवणारं फ्लुमाझेनिलही पुढे आलं. पण उतारा द्यायचा तर आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. जवळपास शंभर वर्षांपूर्वी हैदराबादेत ज्या गोष्टीवरून भांडण झालं होतं, तीच गोष्ट पुन्हा: श्वास कोण बघतंय?

केटामाइनची तऱ्हा उलटी. १९६२ मध्ये तयार झालेलं, १९७० मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं हे औषध श्वास सहसा थांबू देत नाही आणि रक्तदाब पाडण्याऐवजी वाढवतं. ऑक्सिजनचा भरवसा नाही, वीज जाते-येते, भूलतज्ज्ञ तालुक्याच्या गावी, अशा ठिकाणी त्याने किती जीव वाचवले याची गणती नाही. शुद्धीवर येताना पेशंट बडबडतो, भलतंसलतं बघतो, हा त्याचा त्रास. त्यामुळेच नशेसाठी त्याची चोरटी मागणी वाढली. २०११ मध्ये भारतात ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं आणि २०१३ मध्ये औषध नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीत गेलं. म्हणजे कुलपातलं कपाट, चिठ्ठीच्या दोन प्रती, एक दुकानदाराने जपून ठेवायची. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे मूळ घटक बनवणारे कारखाने आहेत, म्हणून या पट्ट्यातल्या लोकांना अशा नियमांचं काय ते माहीत असतं. कुणाचा ना कुणाचा भाऊ तिथे शिफ्टवर असतो.

प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं औषध आता बहुतेक ऑपरेशनांत असतं. सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन यांत घोळवलेलं. ते शोधणारा जॉन ग्लेन हा जनावरांचा डॉक्टर. १९८६ पासून ते बाजारात आहे आणि २०१८ मध्ये ग्लेनला त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. झोप स्वच्छ लागते, उतरते चटकन, उलट्या कमी. मात्र याला उतारा नाही. मायकल जॅक्सन जून २००९ मध्ये राहत्या घरी गेला तो याच औषधाने, आणि ते देणारा डॉक्टर भूलतज्ज्ञ नव्हता.

भूल देणाऱ्याची बोटं आणि डोळे यांच्या मदतीला खरं यंत्र आलं ते जपानमधून. १९७४ मध्ये ताकुओ आओयागी यांनी नाडीच्या ठोक्यांवरून रक्तातला प्राणवायू मोजण्याची युक्ती काढली. कोविडनंतर तो पल्स ऑक्सिमीटर घरोघरी गेला, त्यामुळे आता समजावून सांगावं लागत नाही. पण छोट्या दवाखान्यांत तो यायला बराच काळ लोटला. याच गोष्टीचा पाठपुरावा करणारं एक नाव मराठी आहे: अतुल गावंडे. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे, अमेरिकेत जाऊन मूत्रविकारांचे सर्जन झालेले. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनच्या सुरक्षिततेची एक पानी यादी काढली. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास आलं. त्यात दिल्लीचंही एक रुग्णालय होतं. यादीचा पहिला भाग भूल देण्याआधीचा आहे: पेशंट तोच ना, जागा तीच ना, संमती आहे ना, ऑक्सिमीटर लावलाय का आणि तो चालतोय का. सर्जनने सुरी उचलण्याआधी हे सगळं मोठ्याने विचारायचं.

उल्हासनगर-बदलापूरच्या पट्ट्यात, पहिल्या मजल्यावर दहा-पंधरा खाटांची नर्सिंग होम आहेत, तिथे भूलतज्ज्ञ नोकरीला नसतो. तो कॉलवर येतो. सकाळी एका ठिकाणी सिझेरियन, दुपारी दुसरीकडे हर्निया, मध्ये एखादं मोडलेलं हाड. पेशंटला तो टेबलावरच पहिल्यांदा भेटतो आणि बिलावर त्याचं नाव बहुतेकदा नसतं. कुणी त्याला पेढे आणून देत नाही, पेढे सर्जनला. त्याचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला, मराठीत, हिंदीत किंवा मोडक्या सिंधीत: सकाळपासून काही खाल्लंय का? भूल चढली की घशाचा राखणदार झोपतो, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून हलक्या खाण्यानंतर सहा तास आणि नुसत्या पाण्यानंतर दोन तास जायला हवेत.

‘नाही हो डॉक्टर, काहीच नाही. फक्त चहा घेतला.’

‘नुसता चहा?’

‘दोन बिस्किटं होती बरोबर.’

ऑपरेशन संध्याकाळवर जातं. सर्जन वैतागतो, नातेवाईक कुरकुरतात, आणि भूलतज्ज्ञ पिशवी उचलून पुढच्या कॉलला निघतो.